छोट्या डिस्प्लेवरील बिटमॅप आणि मास्क: चिन्हाभोवतीचा काळा चौकोन कसा घालवावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडलेल्या १२८ × ६४ पिक्सेलच्या, एकरंगी ओलेड डिस्प्लेवर गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी दाखवायची आहे. पाणी तिरप्या रेघांनी भरले आहे आणि त्यावर पंपाचे १६ × १६ चे चिन्ह व ‘पंप सुरू’ ही अक्षरे हवी आहेत. चित्राचे बाइटमध्ये (एका पिक्सेलला एक बिट, एक म्हणजे पेटलेला आणि शून्य म्हणजे विझलेला; आठ बिटांचा एक बाइट) रूपांतर केल्यावर ते विस्कटून दिसते. दुसऱ्या एका प्रयत्नात चिन्ह नीट उमटले, पण त्याच्याभोवती काळा चौकोन आला, आणि तो चौकोन घालवल्यावर पाण्याच्या रेघा चिन्हाच्या पोटात शिरल्या. पुढे रंगीत डिस्प्ले घेतल्यास ही सारी मेहनत वाया जाईल का, असेही आपण विचारले आहे.

हे दोन वेगळे दोष आहेत आणि ते एकत्र सोडवायला गेल्यास गोंधळ वाढतो. पहिला दोष बिटांच्या क्रमाचा आहे, दुसरा मास्क नसल्याचा; मास्क म्हणजे चिन्हाने पार्श्वभूमीची कोणती जागा झाकायची हे सांगणारे जोडचित्र. क्रम निश्चित झाल्याशिवाय मास्ककडे वळू नये, कारण चुकीच्या क्रमातला मास्क योग्य क्रमातल्या चित्राचाही नाश करतो आणि दोष कुठे आहे हे मग कळत नाही.

आपल्या मॉड्यूलवर बहुधा एसएसडी १३०६ हा कंट्रोलर, म्हणजे पडदा चालवणारी चिप, असेल. त्याची स्मृती आठ ‘पेज’मध्ये विभागलेली असते; प्रत्येक पेज आठ ओळी उंच आणि १२८ स्तंभ रुंद असते. एक बाइट म्हणजे एका स्तंभातील एकाखाली एक असलेले आठ पिक्सेल, आणि सर्वांत कमी मूल्याचा बिट सर्वांत वर. जुन्या केएस०१०८ मॉड्यूलमध्ये आणि नोकियाच्या फोनमधून आलेल्या ८४ × ४८ च्या पीसीडी८५४४ मध्येही अशीच उभी मांडणी आहे. एसटी७९२० मध्ये मात्र बाइट आडवा असतो आणि सर्वांत मोठा बिट डावीकडे येतो.

आता नेमकी इथेच अनेकांची गफलत होते. कंट्रोलर उभा आहे म्हणून रूपांतर करताना उभी मांडणी निवडली जाते आणि तो संच अ‍ॅडाफ्रूट जीएफएक्स या रेखाटनाच्या लायब्ररीच्या (तयार प्रोग्रॅमसंचाच्या) ड्रॉबिटमॅप या फंक्शनला दिला जातो. हे फंक्शन चित्र पिक्सेल-पिक्सेलने काढते. त्याला कंट्रोलरशी देणेघेणे नसते. त्याला आडवे बाइट, मोठा बिट डावीकडे, आणि प्रत्येक ओळ पूर्ण बाइटवर संपलेली अशीच माहिती हवी असते. यू८जी२ या दुसऱ्या लायब्ररीचे, एक्सबीएम स्वरूपातील चित्र काढणारे फंक्शनही आडवे बाइट मागते, पण त्यात लहान बिट डावीकडे असतो. म्हणून मांडणी ठरवताना चिपचे माहितीपत्रक उघडण्याआधी आपण ज्या फंक्शनला डेटा देणार आहोत ते काय मागते हे पाहावे. चिपची मांडणी आपल्याला तेव्हाच लागते, जेव्हा आपण बफरमध्ये (बोर्डाच्या रॅममध्ये ठेवलेल्या पडद्याच्या प्रतीत) स्वतःच्या हाताने बाइट लिहितो.

खात्री करण्यासाठी एक परीक्षाचित्र करून ठेवावे, असा माझा आग्रह असतो. ते २४ × १६ पिक्सेलचे असावे, म्हणजे आडव्या मांडणीत तीन बाइट रुंद आणि उभ्या मांडणीत दोन पेज उंच. वरची ओळ पूर्ण भरावी, डावा स्तंभ निम्माच भरावा आणि उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ एकच ठिपका ठेवावा. ते कोणत्याही अंगाने सममित नसावे. डिस्प्लेवर ते कसे बिघडते यावरून निदान होते. आठ-आठ ओळींच्या पट्ट्यांत चुरा झालेला दिसला तर आडवे-उभे चुकले आहे. प्रत्येक आठ पिक्सेलचा गट जागच्या जागी आरशासारखा उलटला असेल तर बिटांचा क्रम उलट आहे. चित्र कलत-कलत तिरपे गेले तर रुंदी किंवा ओळीच्या शेवटची भरती चुकली आहे: २० पिक्सेलच्या ओळीला तीन बाइट लागतात आणि शेवटचे चार बिट रिकामे राहतात, तर बीएमपी फाइलमध्ये प्रत्येक ओळ चार बाइटच्या पटीत भरलेली असते. चित्र खाली डोके वर पाय दिसले तर बीएमपीच्या ओळी तळाकडून वर साठवलेल्या असतात हे विसरले गेले आहे. सारे नीट असून दोन स्तंभ सरकलेले आणि कडेला कचऱ्याची उभी पट्टी दिसत असेल, तर चित्रात काही खोट नाही. मॉड्यूलवर एसएच११०६ हा वेगळा कंट्रोलर आहे, ज्याच्या स्मृतीत १३२ स्तंभ असतात आणि पडद्यावर सहसा मधले १२८ दिसतात.

चित्र तयार करण्याबाबत माझे मत ठाम आहे. मोठे चिन्ह शोधून ते १६ × १६ पर्यंत आकसू नये. ते त्याच आकारात, एकेक पिक्सेल ठेवून काढावे. ०.९६ इंची ओलेडचे दृश्य क्षेत्र सुमारे २१.७ × १०.९ मिलिमीटर असते, म्हणजे एक पिक्सेल जेमतेम ०.१७ मिलिमीटरचा आणि आपले पूर्ण चिन्ह पावणेतीन मिलिमीटरचे. इतक्या जागेत एका पिक्सेलची रेघ कुठे वळते यावर आकार ओळखू येणे अवलंबून असते आणि तो निर्णय आकार कमी करणाऱ्या गणितावर सोपवता येत नाही. जिंप या चित्रसंपादकात काढत असाल तर ब्रशऐवजी पेन्सिल वापरावी, कडा मऊ करण्याची सोय बंद ठेवावी, आणि आकार बदलणे भागच पडले तर इंटरपोलेशन (मधल्या छटा अंदाजाने भरण्याची सोय) ‘काहीही नाही’ असे ठेवावे. पंपाच्या पंख्यासारख्या गोल, सममित भागासाठी विषम रुंदी घ्यावी. १६ पिक्सेलला मधला स्तंभ नसतो, त्यामुळे आस एका बाजूला झुकते. छायाचित्रातील करड्या छटा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत बदलण्यासाठी फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ सालची पद्धत अजूनही उत्तम आहे. तीत एका पिक्सेलची चूक शेजारच्या चार पिक्सेलांत सोळांश भागांनी सात, तीन, पाच आणि एक अशी वाटली जाते. चिन्हांना मात्र ती लावू नये, कारण विखुरलेल्या ठिपक्यांना कड नसते, आणि कड नसेल तर मास्क कशाचा करायचा हेच ठरत नाही.

बाजारात मिळणाऱ्या काही ओलेडमध्ये वरच्या १६ ओळी पिवळ्या आणि खालच्या ४८ निळ्या असतात. आपला डिस्प्ले तसा असेल तर चिन्ह या सीमेवर कधीही ठेवू नये.

आता मास्ककडे येतो. एका बिटाच्या चित्रात शून्याचे दोन अर्थ होऊ शकतात: ‘इथे काळे आहे’ किंवा ‘इथे चित्रच नाही, मागचे दिसू द्या’. एक बिट हे दोन अर्थ वेगळे करू शकत नाही. तुम्हाला दिसलेली दोन्ही लक्षणे याच एका अडचणीतून आली आहेत. ड्रॉबिटमॅपला पार्श्वभूमीचा रंगही दिला की प्रत्येक शून्य काळे धरले जाते आणि चौकोन उमटतो. तो रंग दिला नाही की प्रत्येक शून्य पारदर्शक धरले जाते आणि पाण्याच्या रेघा आत येतात. दोन्ही वेळा लायब्ररी बरोबरच वागली, तिला पुरेशी माहिती मिळाली नव्हती. ही माहिती देणारे दुसरे, तेवढ्याच आकाराचे चित्र म्हणजे मास्क. त्यात एक असेल तिथे चिन्हाचा हक्क, शून्य असेल तिथे पार्श्वभूमीचा.

पाटीवर लिहिण्याचे उदाहरण घ्या. आधीच्या अक्षरांवर तसेच लिहिले तर दोन्ही वाचता येत नाहीत, आणि सारी पाटी पुसली तर शेजारचे हिशेबही जातात. जेवढ्या जागेवर लिहायचे तेवढीच पुसावी लागते. मास्क हा त्या पुसण्याच्या जागेचा आकार आहे. गणितात सांगायचे तर पार्श्वभूमीचा बाइट आणि मास्कचा उलटा बाइट यांचे ‘अँड’ घ्यायचे (दोन्ही बिट एक असतील तरच एक), आणि आलेल्या उत्तराशी चित्राच्या बाइटचे ‘ऑर’ करायचे (कोणताही एक बिट एक असेल तरी एक). एका ओळीवर पाहू. पार्श्वभूमी १००१००१०, मास्क ००१११११० आणि चित्र ०००१०१०० आहे. मास्क उलटा केला की ११०००००१ मिळतो. पार्श्वभूमीशी अँड केल्यावर १००००००० उरते. चित्र ऑर केल्यावर १००१०१०० येते. मास्क न वापरता थेट ऑर केले असते तर १००१०११० आले असते, म्हणजे डावीकडून सातव्या जागेवरची पाण्याची रेघ चिन्हाला चिकटून बसली असती.

या उदाहरणात मास्क चित्राच्या दोन्ही बाजूंना एकेक पिक्सेल जास्त आहे, आणि ते मुद्दाम आहे. मास्क नेमका चित्राएवढा घेतला तर चिन्हाची पांढरी कड आणि पाण्याची पांढरी रेघ एकमेकींना भिडतात आणि तीन मिलिमीटरच्या चिन्हात ती गाठ डोळ्यांना सोडवता येत नाही. भोवती एका पिक्सेलची काळी कडा सोडली की चिन्ह पाण्यापासून स्वच्छ सुटते. त्यासाठी १६ × १६ च्या चौकटीत चिन्ह १४ × १४ मध्येच बसवावे, नाहीतर कडेला मास्क वाढवायला जागा उरत नाही. पंपाच्या कवचाचा आतला भाग काळा हवा असेल तर तोही मास्कमध्ये एक असावा. एखाद्या कडीच्या भोकातून पाणी दिसायला हवे असेल तर तिथे शून्य. हे संगणक ठरवू शकत नाही, काढणाऱ्याने ठरवायचे असते.

जिंपमध्ये चिन्हाच्या बाहेरचा भाग जादुई कांडीने निवडावा, निवड उलटी करावी, ती एका पिक्सेलने वाढवावी आणि नव्या थरावर पांढरी भरावी, हाच मास्क. याहून मला पसंत असलेली रीत अशी की मूळ फाइल तीन रंगांत ठेवावी: पांढरा म्हणजे पेटलेला, काळा म्हणजे विझलेला आणि गुलाबी-जांभळा म्हणजे पारदर्शक. चित्र आणि मास्क हे दोन्ही प्रत्येक वेळी याच फाइलमधून काढावेत. पूर्वी मी दोन फाइली वेगळ्या सांभाळत असे. एका यंत्राच्या पॅनेलसाठी झडपेचे चिन्ह दोन पिक्सेलने रुंद केले आणि मास्क बदलायला विसरलो. मास्कच्या बाहेर गेलेले चित्राचे बिट पार्श्वभूमीत मिसळत राहिले आणि दोन दिवस मी तारांमध्ये दोष शोधत होतो. चित्रातला प्रत्येक एक मास्कमध्येही एकच असला पाहिजे, ही अट रूपांतराच्या वेळीच तपासून घ्यावी. मास्कच्या उलट्याशी चित्राचे अँड केले की उत्तर सर्वत्र शून्य आले पाहिजे.

आपल्या कामासाठी स्वतःचे फंक्शन लिहिण्याची गरजही नाही. आधी टाकी आणि पाणी काढावे. मग पार्श्वभूमीचा रंग न देता ड्रॉबिटमॅपने मास्क काळ्या रंगात काढावा, आणि त्याच जागी चित्र पांढऱ्या रंगात. पहिल्या वेळी जागा पुसली जाते, दुसऱ्या वेळी लिहिली जाते, आणि शेवटी एकदाच बफर डिस्प्लेकडे पाठवायचा. यू८जी२ मध्ये बिटमॅपची पारदर्शक पद्धत सुरू करून रेखाटनाचा रंग आधी शून्य आणि नंतर एक ठेवला की तेच होते. त्या लायब्ररीत रंग दोन ठेवल्यास ‘एक्स-ऑर’ मिळतो, म्हणजे चित्रात एक असेल तिथला पिक्सेल उलटा होतो. तो लुकलुकणाऱ्या कर्सरसाठी छान आहे, कारण दोनदा काढला की मागचे जसेच्या तसे परत येते. रेघांच्या पार्श्वभूमीवर चिन्ह काढायला मात्र तो निरुपयोगी आहे.

चिन्ह हलवायचे असेल, किंवा अशी बरीच चिन्हे असतील, तर पिक्सेल-पिक्सेलची पद्धत संथ वाटू लागते आणि बाइटने काम करावेसे वाटते. तेव्हा पेजची मांडणी आड येते. समजा चिन्ह ओळ क्रमांक २१ पासून सुरू होते (ओळी आणि पेज दोन्ही शून्यापासून मोजायची). २१ ला आठने भागले की दोन येतात आणि पाच उरतात. म्हणजे पेज दोनपासून सुरुवात आणि पाच बिटांचे सरकवणे. लहान बिट वर असल्यामुळे खाली जाणे म्हणजे बाइट डावीकडे सरकवणे. आठ बिटांचा बाइट १६ बिटांच्या जागेत घ्यावा, पाच जागा सरकवावा, खालचा अर्धा पेज दोनला आणि वरचा अर्धा पेज तीनला द्यावा. सोळा ओळींचे चिन्ह अशा वेळी तीन पेजना स्पर्श करते. इथली सर्वांत सामान्य चूक क्रमाची आहे: मास्क आधी सरकवावा आणि मग उलटा करावा. आधी उलटा करून सरकवला तर रिकाम्या जागी शून्ये शिरतात, अँड करताना ती पार्श्वभूमी पुसतात, आणि चिन्हाच्या वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. अशा पट्ट्या दिसल्या आणि चिन्ह आठच्या पटीतील ओळीवर नेल्यावर त्या नाहीशा झाल्या, तर कारण निश्चित हेच. कडा ओलांडणारे बाइटही तपासून गाळावेत. बफरबाहेर लिहिले तर उनोसारख्या बोर्डवर शेजारची चलपदे बिघडतात आणि दोष भलतीकडेच दिसतो.

स्मृतीचा हिशेबही मांडावा लागेल. १२८ × ६४ चा बफर १०२४ बाइटचा होतो आणि उनोच्या एटीमेगा३२८पी या मुख्य चिपमध्ये रॅम एकूण २०४८ बाइट आहे, म्हणजे निम्मी गेली. अ‍ॅडाफ्रूटची एसएसडी १३०६ लायब्ररी हा बफर कार्यक्रम चालू झाल्यावर मागते, त्यामुळे कंपायलरच्या अहवालात तो दिसत नाही आणि जागा आहे असा भास होतो. १६ × १६ च्या एका चिन्हाला ३२ बाइट आणि मास्कला आणखी ३२ लागतात. बारा चिन्हांचे ७६८ होतात. ही सारी माहिती प्रोगमेम ही खूण लावून फ्लॅशमध्येच, म्हणजे प्रोग्रॅम साठवण्याच्या स्मृतीतच, ठेवावी. स्वतःचे फंक्शन लिहिल्यास ती वाचतानाही फ्लॅशमधून वाचण्याचेच खास फंक्शन वापरावे, नाहीतर त्याच पत्त्यावरची रॅम वाचली जाते आणि पडद्यावर कचरा दिसतो. बफर ठेवणे परवडतच नसेल तर यू८जी२ च्या पेज पद्धतीत १२८ बाइटमध्ये काम भागते. तिथे प्रत्येक पट्टीसाठी सारे दृश्य पुन्हा काढले जाते, म्हणून मास्क तसाच चालतो. ‘डिस्प्लेतून मागचे वाचून त्यावर मास्क लावू’ हा विचार केएस०१०८ वर शक्य आहे, त्यातही पत्ता दिल्यानंतरचे पहिले वाचन टाकून द्यावे लागते. आयटूसी (दोन तारांच्या) जोडणीवरील एसएसडी १३०६ मधून चित्र परत वाचता येत नाही, तेव्हा बफर आपल्याकडेच हवा. पूर्ण बफर पाठवायला ४०० किलोहर्ट्झवर सुमारे २३ मिलिसेकंद आणि १०० किलोहर्ट्झवर सुमारे ९२ लागतात. टाकीसाठी दोन्ही चालतील.

‘पंप सुरू’ या अक्षरांविषयी मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण देवनागरीला मास्क लावताना एक खास अडचण येते. मात्रा, उकार, वेलांटी आणि जोडाक्षरे यांची जुळणी करण्याचे काम उनोवर टाकू नये. शब्द संगणकावर ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारख्या फॉन्टमध्ये जुळवून घ्यावा, आणि मग त्याचा एकसंध बिटमॅप करून पिक्सेल हाताने साफ करावेत. सोळा ओळींत वरच्या चार मात्रा व अनुस्वारासाठी, पाचवी शिरोरेषेसाठी, पुढच्या आठ अक्षराच्या अंगासाठी आणि शेवटच्या तीन उकारासाठी अशी वाटणी मला सोयीची वाटते. ‘सुरू’मधला ऱ्हस्व आणि दीर्घ उकार या आकारात एकमेकांसारखे दिसू लागतात, म्हणून तिथे विशेष लक्ष द्यावे.

जागा वाचवण्यासाठी काही जण एकेक अक्षर वेगळे साठवतात आणि प्रत्येकाला कडेसह मास्क देतात. मग शब्द काढताना दुसऱ्या अक्षराच्या मास्कची काळी कडा पहिल्या अक्षराच्या शिरोरेषेचे टोक पुसते आणि शिरोरेषा दर अक्षराला तुटते. रोमन लिपीत अक्षरे सुटीच असल्याने ही अडचण जाणवत नाही, त्यामुळे इंग्रजी उदाहरणे पाहून शिकलेल्याला तिचे कारण सापडत नाही. उपाय असा की आधी शब्दातील सर्व अक्षरांचे मास्क काळ्यात काढावेत आणि नंतर सर्व अक्षरे पांढऱ्यात. किंवा पूर्ण शब्दाचा एकच बिटमॅप व एकच मास्क ठेवावा. आपले शब्द मोजकेच आहेत, तेव्हा दुसरा मार्ग घ्यावा. टक्केवारीचे अंक मात्र सुटे ठेवता येतील. ० ते ९ यांना शिरोरेषा नसते आणि चौकटीच्या आत सर्व बाजूंना एक पिक्सेल मोकळा ठेवला की त्यांचे मास्क एकमेकांच्या आकारावर येत नाहीत.

राहिला रंगीत डिस्प्लेचा प्रश्न. आयएलआय९३४१ या कंट्रोलरचा ३२० × २४० चा पडदा पिक्सेलमागे १६ बिट घेतो, म्हणजे पूर्ण बफर १,५३,६०० बाइटचा होईल. तो उनोत मावणार नाही. तिथे चिन्हाच्या जागेपुरती एकेक ओळ रॅममध्ये तयार करतात, पार्श्वभूमीचा रंग सूत्राने पुन्हा काढतात, मास्कचा बिट एक असेल तिथे चिन्हाचा रंग ठेवतात आणि ती ओळ पाठवतात. पारदर्शकतेसाठी एखादा रंग राखून ठेवण्याची रीतही तिथे चालते, पण चित्राच्या कडा मऊ केलेल्या असतील तर त्या राखीव रंगाची गुलाबी झालर चिन्हाभोवती उमटते आणि ती हाताने काढत बसावे लागते. एक बिटाचा वेगळा मास्क ठेवला तर ती झालर येत नाही. आपण आत्ता केलेले १६ × १६ चे मास्क त्या पडद्यावर बिट न बदलता वापरता येतील. चिन्हांना फक्त रंग द्यावा लागेल.